सेन्सरवरचा डाग

"फुंकर मारलीस ना आत? खरं सांग!"

दादाने कॅमेरा टेबलावर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. धाकटी बहीण दारातच थबकली. स्टुडिओ दोघांचा. फोटो दोघंही काढायची, पण कॅमेऱ्यांची निगा दादाकडे. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे कण आतल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर बसतात आणि प्रत्येक फोटोत डाग उमटतो, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

"मी कशाला फुंकर मारू? लेन्ससुद्धा खिडक्या लावून बदलते मी."

"मग काय, डाग आभाळातून पडला?"

पंखा बंद होता. टेबल ओल्या फडक्याने पुसून घेतलेलं. दादाने कॅमेरा पालथा धरला आणि रबरी फुगा दाबून आत हवा मारली. औषधात भिजवलेली पट्टी सेन्सरवरून फिरवली. समोरच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि खुर्ची मागे ढकलली.

"आहेच! सकाळपासून घासतोय नुसता."

सकाळी एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं होतं. त्यांच्यादेखत तो म्हणाला होता, "हिच्या हातात काही द्यायची सोय नाही." तेव्हा तिने हसून बाळापुढे खुळखुळा वाजवला. आता मात्र तिचं डोकं फिरलं.

"कुठे आहे डाग? दाखव मला."

"हा काय, मधोमध! आंधळी आहेस का?"

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. तिने त्याला बाजूला सारून नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं. ओढणीने काच पुसली. पुन्हा पाहिलं. बोटाखाली नुसता पांढरा रंग होता.

"इथे काहीही नाही, दादा. उगाच माझ्यावर आळ घेऊ नकोस. घासून घासून तूच वाट लावशील त्याची. आण इकडे!"

"हात लावू नकोस."

तिने कॅमेरा हिसकावून घेतला. फोटो बंद केला आणि कॉम्प्युटरवर एक कोरं पान उघडलं.

"आता दाखव! इथे तुझा कॅमेरा नाही की माझा हात नाही. बोल, कुठे आहे?"

दादाचं बोट वर गेलं. कोऱ्या पानाच्या मधोमध थांबलं. मग हळूहळू खाली आलं.

तिचा राग कुठल्या कुठे गेला. कॅमेरा तिने अलगद टेबलावर ठेवला.

"दादा, डोळे दाखवायला हवेत. ऊठ, आत्ताच्या आत्ता जाऊ."

"दाखवलेत," तो म्हणाला. "मागच्याच महिन्यात. हा डाग जायचा नाही म्हणाले. वाढतच जाणार."

"मग सकाळपासून माझ्यावर का खेकसतोयस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला.

"वाटलं, डाग कॅमेऱ्यातलाच निघेल. फुंकर मारलीस का विचारलं, तर तू एकदा तरी 'हो' म्हणशील."