चार नंबरचा सत्कार

यंदाही ‘सर्वांत मायाळू सेवक’ हा पुरस्कार वॉर्डातल्या चार नंबरच्या यंत्राला मिळाला. हार घालायला वॉर्डातल्या जुन्या आया द्रौपदामावशींना बोलावलं.

“मावशी, जरा हसा की! फोटो काढतायत,” सिस्टर म्हणाल्या.

पेशंटच्या पायाचा अंगठा दाबून धीर द्यायची रीत यंत्र मावशींकडूनच शिकलं होतं. आवाजही त्यांचाच उचलला होता. आता ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

वॉर्डात परतल्यावर मावशींची कंबर त्यांना उभं राहू देईना. त्या रिकाम्या खाटेवर आडव्या झाल्या. यंत्र गळ्यातल्या हारासकट जवळ आलं. त्यानं त्यांचा अंगठा हलकेच दाबला.

“दमलीस ना गं बाय? पड जरा.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं.

मावशींनी पाय मागे घेतला नाही.