अर्धा तास बंद पडलेलं हृदय

"कुणाला पटायचं नाही, पण माझं हृदय अर्धा तास बंद होतं," इस्पितळात भेटायला गेल्यावर मी आमच्या शेजारच्या केतकीला सांगत होतो. फिट थांबवायच्या मेंदूच्या ऑपरेशनआधी डोक्याला वायरी लावून केलेल्या तपासणीत फिटचा झटका येताच तिचं हृदय थांबलं होतं, आणि आता ती पेसमेकर नको म्हणून हटून बसली होती.

"माझ्याही डोक्याला अशाच वायरी होत्या. झटका आला अन् मी थेट वाईला! कृष्णेत डुंबलो. आईनं ओरडून बाहेर काढलं, पदरानं डोकं खसाखसा पुसलं. वायर एकही नव्हती. परत यावंसंच वाटेना."

"अर्धा तास कसला? अकरा सेकंद!" माझी बायको कडाडली. "झटका आला की नर्सला बोलवायचं बटण दाबायला उशाशी मीच होते. पेसमेकर बसवला, म्हणून तर वीस वर्षं ह्यांच्या थापा ऐकतेय!"