छातीवरचा वस्तरा
अकोल्याच्या दवाखान्यात आज डोमाजींच्या हृदयाचा कार्डिओग्राम निघणार होता. छातीवरचे केस काढून या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मधुमेहात जखम भरत नाही. साध्या काट्यानं त्यांच्या पायाचं बोट गेलं होतं, म्हणून न्हाव्यानं हात जोडले. शेवटी पंचफुलानंच वस्तरा घेतला. वर्षभर नवऱ्याची जखम धुऊन ती थकून गेली होती. “इतकी हळू काहून चालवून राहिली तू?” “तुमी बोलू नोका, छाती हालते.” “मंग श्वास बी घेऊ नोको का?” “हळू घ्या.” वर आलेल्या बरगड्यांवरून वस्तरा दमानं उतरला आणि पांढऱ्या फेसात लाल थेंब उमटला. “लागलं ना?” डोमाजी घाबरले. तिनं ओल्या फडक्यानं फेस पुसला. खाली कातडी धड होती. पात्यापुढं धरलेलं आपलं बोट तिनं पदरात गुंडाळलं. “उठा, सदरा घाला. गाडीची वेळ झाली.”