रिकामी खुर्ची

"तू हो पुढे, मी येतो सावकाश," पलंगाची कड धरून बाबा म्हणाले. पक्षाघातानंतर आज पहिल्यांदाच ते गॅलरीपर्यंत चालणार होते. सुमेधने घड्याळ पाहिलं. एक नवा गेम त्याला दुपारपर्यंत खेळून संपवायचा होता. पहिल्याच दिवशी मत मांडलं नाही, तर त्याच्या गेम-परीक्षणांच्या चॅनलकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

गेल्या महिन्यात असाच एक गेम घाईघाईत संपवून त्याने त्याची पिसं काढली होती. त्यात एका म्हाताऱ्याला घेऊन डोंगरावरच्या घरी जायचं होतं. म्हातारा दर दहा पावलांवर थांबायचा. कंटाळून सुमेध एकटाच वर पळाला. "शेवटी काय, तर अंगणात रिकामी खुर्ची. बनवणाऱ्यांना शेवटच सुचला नाही," असं तो व्हिडिओत म्हणाला, आणि लोक खूप हसले. गेम बनवणाऱ्या मुलीने व्हिडिओखाली एवढंच विचारलं होतं, "तुम्ही आजोबांना सोबत नेलं होतं का?" तेही त्याने हसण्यावारी नेलं.

आता तो गॅलरीत पोचला. बाबांची वेताची खुर्ची उन्हात मांडून ठेवली होती. मागे भिंतीवरून सरकणाऱ्या बाबांच्या तळहाताचा आवाज आला, आणि थांबला.

सुमेध खुर्चीकडे पाहतच राहिला. मग आत जाऊन त्याने बाबांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"तुझं काम खोळंबेल रे."

"खोळंबू दे," तो म्हणाला, आणि त्यांचं पुढचं पाऊल उचललं जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.