मधमाश्यांना सांगावा

नवऱ्याला, जेबेझला, पुरून आल्यावर टॅम्सिन घराची किल्ली आणि केक घेऊन बागेतल्या मधपेट्यांकडे गेली. मालक गेल्याचं मधमाश्यांना सांगायचं, असा इंग्लंडातल्या डेव्हन परगण्याचा रिवाज. नाहीतर त्या उडून जायच्या. तिचं पोट आता मधावरच होतं.

"रड गं जरा!" कुंपणापलीकडून शेजारीण केझाया म्हणाली.

"कशाला? जन्मभर आधी खाकरायचा, मग माझ्या केकला नावं ठेवायचा."

पेटीपेटीवर किल्ली वाजवत टॅम्सिन सांगत गेली, "मालक गेला. आता मी मालकीण." माश्या गुणगुणून राजी होत होत्या. तिला हलकं हलकं वाटलं.

शेवटची पेटी मात्र गप्पच राहिली. टॅम्सिनने तिच्या तोंडाशी केकचा तुकडा ठेवला आणि कान लावला.

आत कुणीतरी खाकरलं.