आधी विचारपूस

खोटी मतं हुडकणं हे माझं काम. लोकांची माहिती इंटरनेटवर साठवणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या मतांतून जे तारे मिळतात, ते खरे की विकतचे, हे मी किसुमू शहरातल्या ऑफिसात बसून, मत देणाऱ्यांना फोन लावून तपासते.

पद्धत साधी आहे. आमच्याकडे खरा माणूस फोन उचलला की आधी घरची विचारपूस करतो. खोटा थेट स्तुती सुरू करतो.

त्या सकाळी माझं डोकं फिरलेलं होतं. माझी बहीण नर्स आहे. तिच्या दवाखान्याने अशाच पाच ताऱ्यांवर भुलून एका कंपनीवर विश्वास टाकला आणि नऊशे मुलांच्या लसींच्या नोंदी गायब झाल्या.

त्याच कंपनीची स्तुती करणाऱ्या सोळा जणांना मी फोन लावले. नंबर सोळा, आवाज एकच. "फार विश्वासू सेवा आहे."

सतराव्याला मी ओरडलेच. "मेल्या, माणसासारखी आधी विचारपूस तरी कर! लाज कशी वाटत नाही?"

फोन बंद झाला. शेजारच्या टेबलावरचा ओदुया हसला. "शिकव, बाई, त्यांना आता तूच शिकव."

मी अठरावा नंबर फिरवला. तोच आवाज.

"कशी आहेस, ताई? आईचा गुडघा कसा आहे?"

"कोण आहेस तू, हरामखोरा?"

"आणि पोटातलं बाळ?"

हे मी अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"काळजी करू नकोस," आवाज मायेने म्हणाला. "त्याच्या सगळ्या नोंदी आहेत आमच्याकडे. पहिलीपासून शेवटचीपर्यंत."