घरचा अनुमोदक

सोसायटीच्या वार्षिक सभेला आम्ही सगळे चहा येईपर्यंत बसतो, तेही मोबाइलमध्ये तोंड खुपसून. ठराव मांडायच्या त्या एकट्या तळमजल्यावरच्या काकू. जिन्यात दिवा लावा, गच्चीवरची टाकी धुऊन घ्या.

"अनुमोदक कोण?" अध्यक्ष विचारायचे. अनुमोदन मिळालं नाही तर ठराव तिथेच बारगळतो. म्हणून काकू शेजारी पेंगणाऱ्या काकांना कोपरानं ढोसायच्या. काका दचकून हात वर करायचे, "माझं अनुमोदन!" आणि मग हळूच विचारायचे, "कशाला गं?"

सभा खो खो हसायची. कमिटीच्या निवडणुकीत काकूंना मतं मात्र दोनच पडायची, तीही घरचीच.

यंदा पहिला ठराव खुद्द अध्यक्षांनी मांडला. कधी नव्हे ते उभे राहिले, चष्मा पुसत पुसत वाचलं आणि विचारलं, "अनुमोदक कोण?"

नेहमीप्रमाणे एकाचीही मान वर झाली नाही. काकूंचं कोपर आपसूक शेजारी गेलं.

रिकाम्या खुर्चीवर आपटलं. शोकठराव काकांचाच होता.